दुसरी घागर

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हालाही सांगितली नसती — इतकाच माझा धीर आहे, तो आधीच कळलेला बरा.

मी नल्लकुंट्याला राहतो. पन्नाशी उलटली आहे. औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे गोळ्या नापास करणं हे माझं काम. वजन जरा कमी भरलं, कडेचा टवका उडाला, रंगात डाग दिसला, की अख्खा लॉट बाजूला. प्रॉडक्शनची माणसं हात जोडतात, मागे शिव्या देतात, वरून फोन आणतात. मी सही करत नाही. घरीही तेच. कुणी म्हणालं, लग्नाला शंभरेक पानं उठली, की मी म्हणतो, बहात्तर. बायको म्हणते, "तुमच्याशी गप्पा मारायच्या तर वजनकाटा घेऊन बसावं लागतं." लोक मला खडूस म्हणतात, पण एक गोष्ट सगळे मानतात — सुधाकर सांगतो ते खरं असतं. ही ख्याती मला फार आवडायची. आता कुणी असं म्हणालं की तोंडात कडू पाणी येतं.

मी खोटं बोललो, असं म्हणून हे संपवता आलं असतं. पण खोटं तर सगळेच बोलतात. मी जे केलं त्याला नुसतं खोटं म्हणणं म्हणजे घाणीवर फिनेल टाकून फरशी पुसल्याचं समाधान मानणं. थांबा — क्रमाने सांगतो. क्रमाने सांगितलं नाही तर मी कुठेतरी एखादं पान गाळीन. ती माझी सवय आहे, आणि तिच्याबद्दलच हे सगळं आहे.

जामबागेच्या बाजूला एक सार्वजनिक लायब्ररी आहे. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या कुणाचाही यात दोष नाही. खालच्या हॉलमध्ये सरकारी परीक्षांची तयारी करणारी पोरं सकाळपासून उशी आणि पाण्याची बाटली घेऊन जागा धरून बसतात. खिडकीकडे उर्दू वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे. वरच्या मजल्यावर रविवारी तेलुगूत मुलांना गोष्टी सांगतात, कधी बीपी-शुगर तपासतात, कधी ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवतात. मराठीची दोन कपाटं आहेत, जिन्याजवळ. ती उघडायला किल्ली मागावी लागते, आणि मागणारं फारसं कुणी नसतं. तेलुगू मुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या मुलांना मराठी बोलता येतं, तेही निम्मं हिंदी आणि तेलुगू मिसळून. वाचायला दिलं की दुकानाची पाटी वाचल्यासारखी एकेक अक्षर जुळवत बसतात.

तिथल्या लायब्ररियन पद्मा मॅडम. तेलुगू बाई, मोठ्या उत्साही. त्यांनी एक सेवा सुरू केली. ज्यांची नजर गेली आहे अशा वाचकांना शनिवारी दुपारी कुणीतरी पुस्तक वाचून दाखवायचं. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली होती, तिथे. तेलुगूसाठी माणसं मिळाली, उर्दूसाठी मिळाली. मराठीला कुणी मिळेना. मी नाव दिलं.

का दिलं? भाषेचं प्रेम, समाजाचं ऋण, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जिन्यात एक बोर्ड लागणार होता, वाचून दाखवणाऱ्यांच्या फोटोंचा. मला त्या बोर्डावर माझा फोटो हवा होता. निळा शर्ट घालून मी तो मुद्दाम काढून घेतला.

माझ्या वाट्याला आल्या वत्सलाबाई भालकीकर. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे जामबागेतली अर्धी माणसं त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. मीही तसंच म्हणू लागलो. डोळ्यांचे पडदे गेले होते. समोरचं माणूस त्यांना धुरातल्या सावलीसारखं दिसायचं. अक्षर तर अजिबात नाही. नवरा वारलेला, मुलगा श्रीकांत पुण्याला. बाई दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लक्ष्मी नावाची कामवाली दिवसभर सोबत असायची, आणि शनिवारी तीच हात धरून त्यांना लायब्ररीत आणायची.

पहिल्याच शनिवारी बाईंनी मला सांगितलं, "मुलगा पुण्याला चल म्हणून मागे लागलाय. मी त्याला सांगितलं, डोळे गेले म्हणून मी घर सोडायची नाही. माझ्या घरातली वाटी न् वाटी माझा हात ओळखते. ज्या दिवशी डोकं चालेनासं होईल त्या दिवशी मी स्वतः पिशवी भरीन. असा करार आहे आमचा." मग हसल्या. "तोवर त्याच्या त्या लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची कुत्री हुंगायला मी काही जाणार नाही."

हा करार ध्यानात ठेवा. मी ध्यानात ठेवला नव्हता — नाही, हेही खोटं. मला तो पूर्ण ध्यानात होता. ज्या क्षणी त्याची आठवण ठेवायला हवी होती, त्या क्षणीसुद्धा होता.

पुस्तक बाईंनी निवडलं. एक जुनी कादंबरी, आयुष्यभर शिकवण्याच्या धबडग्यात वाचायची राहून गेलेली. सहाशेच्या आसपास पानं. पद्मा मॅडमनी ती कपाटातून काढली आणि दोन्ही हातांत तोलत म्हणाल्या, "क्या सार, ये बुक है कि तकिया है? नीचे के पोट्टों को दे देती मैं, आराम से सोते!" आम्ही तिघंही हसलो. कादंबरीचं नाव मी सांगत नाही. तिला माझा विटाळ नको.

गोष्ट साधी होती. गोदावरीकाठचं गाव, दोन बहिणी. वाटणीच्या विहिरीवरून दोघींचं भांडण होतं आणि थोरली घर सोडून निघून जाते. धाकटी त्या घरात मागे राहते. पहिले काही शनिवार मी नीट वाचलं. माझा आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ. बाई डोळे मिटून ऐकायच्या. एखादा शब्द चुकला की वर्गात करत असतील तसं एक बोट वर करायच्या, आणि मी थांबून तो दुरुस्त करायचो. आवडायचं मला ते. कुणीतरी माझ्यापेक्षा काटेकोर भेटलं होतं.

मग पद्मा मॅडमनी ठरवलं की लायब्ररीच्या वार्षिक कार्यक्रमात प्रत्येक भाषेतल्या एका वाचकाने, ऐकलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, आणि वाचून दाखवणाऱ्याचा सत्कार करायचा. त्यांनी मला विचारलं, "सार, आपका तकिया तब तक होता ना ख़तम?"

मी मनात भागाकार केला. तासाला किती पानं होतात ते मला माहीत होतं; शनिवार किती उरले आहेत तेही. निम्म्याच्या थोडं पुढे जाणार होतो, जास्तीत जास्त. असा हिशेब मी झोपेतही करतो. आणि मी म्हणालो, "होता, होता." का? कारण तेलुगू पुस्तक वाचून दाखवणारा माझ्या बाजूलाच उभा होता, आणि तो आधीच हो म्हणाला होता.

पुढच्या शनिवारी मी पहिल्यांदा दोन पानं गाळली. ज्वारीच्या रानाचं वर्णन होतं. कुणाचं काय बिघडतं? मग एका लग्नाचा थाट गाळला. मग एक पूर्ण प्रकरण. आमच्या कामात लॉटमधली प्रत्येक गोळी कुणी तपासत नाही. नमुना घेतात, त्यावरून लॉट कळतो. मी मनाशी म्हणालो, पुस्तकाचंही तसंच आहे, नमुना नीट निवडला की झालं. काय घाणेरडी हुशारी! नमुना काढणारा माणूस पेशंटच्या बाटलीतल्या गोळ्या कमी करत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं? मी याच विषयात नव्या मुलांना ट्रेनिंग देतो.

तास संपला की बाई पुस्तक हातात घ्यायच्या आणि वाचून झालेल्या पानांची जाडी अंगठ्याने चाचपून बघायच्या. दिसत नव्हतं, तर तेवढाच हिशेब. "आज मोठी मजल मारलीत हो, सुधाकरराव! जीभ पळते तुमची." आणि मी म्हणायचो, "आता सरावलो, बाई." असं म्हणताना माझा चेहरा कसा असेल? त्यांना दिसत नव्हता. मला ते बरं वाटायचं — त्यांना दिसत नाही, हे. सांगतानाही शिसारी येते.

मध्येच त्यांचं बोट वर जायचं. "हा गणपत कोण? आधी आला होता का?" तो गाळलेल्या लग्नात आलेला असायचा. मी म्हणायचो, "आला होता की, बाई. लग्नात." त्या कपाळाला आठ्या घालायच्या. "हो का? निसटलं बाई माझं." असं एकदा नाही, पुष्कळदा झालं. पुढे जे झालं ते एकाच दिवसात झालं असं तुम्हाला वाटेल, म्हणून हे सांगतो. ते एका दिवसात झालं नाही. मी दर शनिवारी त्यांच्या डोक्यातली एकेक वीट सैल करत होतो, आणि घरी जाऊन जेवत होतो.

कार्यक्रम जवळ आला तेव्हा बरंच पुस्तक उरलं होतं. मी एक जाड गठ्ठा एका बोटाने उलटला. त्या पानांत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं, बघितलंच नाही. थेट शेवटचं प्रकरण काढलं. धाकटी म्हातारी झाली आहे. संध्याकाळ आहे. ती उंबरठ्यावर बसली आहे आणि दारात भरलेल्या दोन घागरी आहेत.

बाईंचं बोट वर गेलं. "थांबा. दुसरी घागर कुणाची? ती तर एकटी आहे ना?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? मागे गेला असता, शोधलं असतं. म्हणाला असता, बाई, माझ्याकडून काही पानं राहिली, पुढच्या शनिवारी वाचतो. किती सोपं होतं! मी पान उलटल्याचा आवाज केला. घसा खाकरला. आणि पुस्तकाकडे बघून 'वाचलं' — "थोरली परत आली नाही, धाकटीने मात्र तिच्या वाटणीचं पाणी रोज भरून ठेवलं."

बाईंचं वर गेलेलं बोट हळूच खाली आलं. मग म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचलं. शब्दाला शब्द तेच. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काय वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "सबंध पुस्तक या एका वाक्यासाठी लिहिलंय."

आणि मला काय वाटलं असेल? लाज? छे. मी खूश झालो. स्कूटरवरून घरी जाताना सुलतान बाजारच्या गर्दीत अडकलो, मागचे रिक्षावाले भोंगे वाजवत होते, आणि मी ते वाक्य पुटपुटत होतो, एखाद्या मोठ्या लेखकासारखा. माझं वाक्य! आयुष्यभर गोळ्या मोजणाऱ्या माणसाचं!

वार्षिक कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत श्रीकांत. आई बोलणार म्हणून खास पुण्याहून आला होता. आधी सत्कार झाले. पद्मा मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर सांगितलं, "सार पूरा बुक पढ़ के सुनाए. पूरा का पूरा!" टाळ्या झाल्या. मी मान लववून त्या घेतल्या. मग उर्दूवाले बोलले, तेलुगूवाले बोलले आणि मग बाई उभ्या राहिल्या.

काय बोलल्या! समोर कागद नाही, अडखळणं नाही. दोन्ही बहिणी त्यांनी हॉलमध्ये आणून उभ्या केल्या. मराठी न कळणारेही कान देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी ते वाक्य म्हटलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. श्रीकांतने मान खाली घातली. त्याला आईचा अभिमान वाटत होता, ते मला बाजूने दिसलं.

मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मुग्धा नावाची तरुण बाई, पुण्याकडची, इथे आयटीत नोकरी करणारी. मराठीचं कपाट उघडून घेणाऱ्या चार-दोन लोकांतली. "बाई, सॉरी हं. पण थोरली परत येते ना?"

बाई हसल्या. "नाही गं. नीट वाच." हॉलही हसला.

"मी दोनदा वाचलंय," मुग्धा म्हणाली. तिच्या आवाजात कुरापत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. पद्मा मॅडमनी उत्साहाने किल्ली दिली, पुस्तक वर आलं. मुग्धाने ते प्रकरण काढलं आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. थोरली दारात उभी होती. मग तिने शेवटचं प्रकरण चाळलं. ते वाक्य तिथे नव्हतं. कुठेच नव्हतं.

बाई माइकची वायर मुठीत धरून उभ्या होत्या. "असं कसं होईल? मला पाठ आहे ते." मग त्यांनी मान वळवली, जिथून माझा आवाज यायची त्यांना सवय होती, त्या उजव्या बाजूला. "सुधाकररावांना विचारा. अहो, गोळीत कण कमी भरला तर ते लॉट परत पाठवतात. त्यांच्याकडून शब्द सुटायचा नाही. सांगा हो यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. शाल मानेला टोचत होती. इतकंच म्हणायचं होतं — चूक माझी आहे. मराठीत तीन शब्द होतात.

"बाई," मी म्हणालो. आवाज अगदी मऊ काढला. दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसा. "थोरली परत येते. आपण वाचलं होतं ते. तुमच्या लक्षातून गेलं असेल."

"आणि ते वाक्य?" मुग्धाने विचारलं.

"ते पुस्तकात नाही. बाईंनी मनातच जुळवलं असेल. छान आहे पण."

'छान आहे पण.' ऐकलंत? तशाही अवस्थेत मी स्वतःच्या वाक्याला शाबासकी दिली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुणीतरी "च्च" केलं. एका बाईने दुसरीच्या कानात काही सांगितलं. मुग्धा "तसं नाही, तसं नाही" म्हणत घाईने खाली बसली. वत्सलाबाई हाताने खुर्ची शोधत होत्या. त्या मला खोटा ठरवू शकल्या असत्या. ओरडू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. एका पारड्यात स्वतःचं डोकं ठेवलं, दुसऱ्यात माझा शब्द, आणि त्यांना स्वतःचं डोकं हलकं भरलं. "असेल बाबा," त्या म्हणाल्या. "वय झालं."

इथे थांबलो असतो तर मला भित्रा म्हणून सोडून देता आलं असतं. पण भित्रा माणूस निदान पळून जातो. जिन्यात, माझ्याच फोटोखाली, श्रीकांतने मला गाठलं. "काका, तुम्ही दर आठवड्याला आईबरोबर असता. खरं सांगा, कधीपासून जाणवतंय तुम्हाला?"

मी सांगितलं. "झाले काही महिने," म्हणालो. "पात्रांची नावं विसरतात. गणपत कोण, विचारतात. वाचून झालेलं आठवत नाही." नुसता होकार दिला नाही — उदाहरणं दिली! गाळलेल्या एकेका पानाचा मी पुरावा करून दिला. त्याने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. बाकी कुणी सांगत नाही."

श्रीकांतने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना ठोस असं काही सापडलं नाही. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. पण विस्मरणाची सुरुवात अशीही होते, घरच्यांना काय दिसतं ते महत्त्वाचं. घरच्यांना मी दाखवलेलंच दिसत होतं.

पुढचं काम बाईंनी स्वतःच केलं. लक्ष्मी मला लायब्ररीच्या फाटकापाशी भेटली. "अम्मा अब हर बात दो-दो बार पूछरे, सार," ती म्हणाली. "गैस बंद करी क्या, दरवाज़ा लगाई क्या. खाना खाए क्या, वो भी मेरे को पूछरे. पहले ऐसा नै था." मग म्हणाली, "आपच जाके ज़रा समझाओ ना. आपका सुनते."

मी गेलो. समजावायला नाही, निरोप घ्यायला. बाईंनी करार पाळला होता. मुलाने जबरदस्ती केली नव्हती, त्याची गरजच पडली नाही. पलंगावर पिशवी होती आणि बाई हाताने चाचपून पातळांच्या घड्या तिच्यात ठेवत होत्या. प्रत्येक घडी ठेवली की पुन्हा वर काढून बघत होत्या, ठेवली की नाही ते. स्वयंपाकघरातल्या वाट्या लक्ष्मी वर्तमानपत्रात गुंडाळत होती — शेजारी वाटून टाकायला.

मला वाटलं, आता सांगावं. घरात तिघंच होतो. शाल नव्हती, माइक नव्हता. एक वाक्य, आणि पिशवी रिकामी झाली असती. मी खुर्चीच्या कडेवर बसून तोंड उघडलंही होतं. पण बाईच आधी बोलल्या. "मला आधी का नाही सांगितलंत हो, सुधाकरराव? वाचताना तुमच्या लक्षात येत असेल, मी विसरतेय ते. पण तुम्ही भिडस्त. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलात. होय ना?"

मी म्हणालो, "हो, बाई."

लक्ष्मीने चहा आणला. बशीत दोन बिस्किटं होती. मी दोन्ही खाल्ली. पुष्कळ दिवस मला त्या बिस्किटांची किळस यायची. ती बिस्किटांची नव्हती. ती चघळणाऱ्या तोंडाची होती, आणि ते अजून मलाच लागलेलं आहे.

बाई गेल्यावर एका शनिवारी मी लायब्ररीत जाऊन तो उलटलेला गठ्ठा वाचला. त्यात थोरली भर दुपारी परत येते आणि दारात उभी राहून पाणी मागते. धाकटी तिला तांब्या देते. विहिरीचं नाव कुणीच काढत नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात दोन घागरी असतात, आणि थोरली मेल्यावरही धाकटी दुसरी भरायचं सोडत नाही. एवढंच. पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. तेवढा वाचायला मला अर्धा तास लागला. बाईंचं घर त्या अर्ध्या तासात गेलं. माझं वाक्य त्याच्यापुढे थुंकी आहे.

वाचून दाखवायचं मी थांबवलं. डोळ्यांवर ताण येतो, असं कारण दिलं. डोळ्यांचं! बोर्डावर फोटो अजून आहे. मी तो काढायला सांगितला नाही, कारण का म्हणून विचारतील. बायको ती शाल इस्त्रीखाली अंथरते. कंपनीत मी रोज कुणाचा ना कुणाचा लॉट नापास करतो. परवा एका नव्या मुलीने विचारलं, "सर, इतका बारीक फरक पेशंटला कळतो तरी का?" मी तिला सगळ्यांसमोर झापलं.

बाईंचा अधूनमधून पुण्याहून फोन येतो. सून नंबर लावून देते. पूर्वी बाई बोलू लागल्या की समोरच्याला हुंकार भरायलाही फट मिळायची नाही. आता प्रत्येक गोष्टीआधी थांबतात. "हे मी मागे सांगितलं का हो तुम्हाला?" सांगितलेलं नसतं. मी तसं सांगतो. "मग ठीक," म्हणतात आणि घाबरत घाबरत पुढे जातात. अंधारात पायरी शोधावी तशा.

संक्रांतीला फोन आला. तिळगूळ घ्या वगैरे झालं. मग म्हणाल्या, "सुधाकरराव, एक वाक्य डोक्यात बसलंय. जातच नाही. थोरली परत आली नाही; धाकटीने मात्र तिच्या वाटणीचं पाणी रोज भरून ठेवलं." शब्दाला शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. "कुठे ऐकलंय, काही केल्या आठवत नाही. तुम्ही इतकं वाचलेलं. तुम्हाला माहीत आहे का, कुठलं ते?"

मी बाल्कनीत होतो. खाली पतंगांच्या मागे पोरं ओरडत होती. आवाज ऐकू आला नाही, असंही म्हणता आलं असतं. पण आवाज स्वच्छ येत होता.

"नाही, बाई," मी म्हणालो. "मी कधी ऐकलं नाही."

"मग माझंच असेल," त्या म्हणाल्या.

"असेल," मी म्हणालो.